डेस्कटॉपला वायरलेस जोडण्याच्या चार पद्धती व एक राहिलेली नोंद

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय,
जिल्हा रायगड.

अर्जदार : बुधाजी रामचंद्र थळे, वय ५४, लिपिक, ग्रामपंचायत खारसावरे.

विषय : ग्रामपंचायतीचा टेबलावरील संगणक वायरलेस इंटरनेटला जोडण्याची पद्धत ठरवून मिळणेबाबत, व त्यावाचून राहिलेल्या एका मृत्यू नोंदीबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे पत्र दि. १३ ऑक्टोबर २०२५.
२) श्रीमती विनिता बुधाजी थळे, अंगणवाडी सेविका, यांना आलेली गैरहजेरीची नोटीस दि. १४ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, ग्रामपंचायत खारसावरे येथे सन २०१६ पासून एक संगणक आहे. तो टेबलावर बसणारा, मोठ्या डब्याचा आहे. गेल्या जूनमध्ये नळपाण्याचा चर खणताना जेसीबीने टेलिफोनची जुनी वायर उपटली आणि ती परत जोडायला कोणी फिरकले नाही. सप्टेंबरात वायरलेस इंटरनेट मंजूर झाले. बसवणारी माणसे आली. त्यांना वर सिग्नल पकडणारी थाळी बसवायला पक्का स्लॅब हवा होता आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयावर कौले आहेत. म्हणून त्यांनी थाळी समोरच्या अंगणवाडीच्या स्लॅबवर बसवली, राउटर अंगणवाडीच्या आत खिळ्याला टांगला, चहा घेतला आणि चौलकडे निघून गेली. दोन इमारतींच्या मध्ये बत्तीस फूट अंगण आहे व दोन्हींच्या भिंती चिऱ्याच्या, दीड फूट जाडीच्या आहेत. गावातला कोणीही अंगणात उभा राहून मोबाइलवर इंटरनेट पकडतो. संगणक पकडत नाही, कारण त्याला बनवणाऱ्याने तशी सोयच दिलेली नाही.

२. संदर्भ क्र. १ च्या पत्राने आपण कळविले की, “संगणक योग्य त्या पद्धतीने वायरलेस इंटरनेटला जोडून घ्यावा, तत्पूर्वी पद्धतीस मंजुरी घ्यावी.” योग्य ती पद्धत कोणती, हे पत्रात नाही. अर्जदाराने पत्र दोनदा उलटून पाहिले, मागची बाजू कोरी आहे.

३. आता हे काम एवढे तातडीचे का, ते मांडतो. दि. ३ नोव्हेंबर रोजी सकाळी साडेसहा वाजता अर्जदाराची पत्नी विनिता, वय ४९, राहत्या घरी मागच्या पडवीत पाणी भरताना खाली बसली आणि वारली. ती याच गावच्या अंगणवाडीत बावीस वर्षे सेविका होती. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत ऑनलाइन करावी लागते, नंतर प्रतिज्ञापत्र, परवानगी व हेलपाटे असतात, हे आपणास सांगणे नको. एकविसावा दिवस आज आहे. नोंदीचे काम ग्रामपंचायतीत अर्जदारच करतो. अकरा वर्षांत त्याने गावातील तीनशेहून अधिक मयतांच्या नोंदी केल्या आहेत.

४. एकवीस दिवसांपैकी तेरा दिवस कोठे गेले, असे आपण विचाराल. ते सुतकात गेले. कार्यालयाचा शिपाई दादू हा रोज सकाळी संगणकाला फूल घालून अगरबत्ती ओवाळतो. दसऱ्याचा हळदीकुंकवाचा टिळाही त्याने पुसू दिलेला नाही. अर्जदार चौथ्या दिवशी कार्यालयात आला तेव्हा दादूने दारातच हात आडवा धरला. “भाऊ, सुतकात मशीनला हात लावाचा न्हाय. तेरावा होऊ द्या, मंग बघू,” असे त्याचे म्हणणे पडले. दादूचा यात दोष नाही. गेली अकरा वर्षे ज्यांच्या घरी मयत झाले त्या प्रत्येकाला अर्जदारच सांगत आला आहे की, “तेरावं आटपून ये, एकवीस दिवस असतात, एक मिनिटाचं काम आहे.” पूर्वी नोंदवही होती आणि सुतकात तिला कोणी शिवत नसे, तीच रीत संगणकाला चिकटली. अर्जदार आपले वाक्य आठवून घरी परत गेला. पडवीत बसून राहिला. त्या दिवसांत त्याला विशेष काही वाटले नाही. रडूही आलेले नाही. लोक विचारतात, म्हणून येथे लिहून ठेवले.

५. सुतक फिटायच्या आदल्या दिवशी संदर्भ क्र. २ ची नोटीस आली. श्रीमती विनिता थळे या ३ नोव्हेंबरपासून विनापरवानगी गैरहजर आहेत, मोबाइलवर हजेरी भरत नाहीत, तरी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा कारवाई होईल, असा मजकूर आहे. खाली पर्यवेक्षिका बाईंची सही आहे. त्या अंत्यविधीस स्वतः हजर होत्या. अर्जदाराच्या मुलीला जवळ घेऊन त्या पुष्कळ रडल्या. फोन केल्यावर त्या म्हणाल्या, “थळेभाऊ, मला काय ठाऊक नाही का? पण सिस्टीमला दाखला लागतो. दाखला टाकल्याशिवाय विनिताताई तिथे जिवंतच दिसतात.” अर्जदाराने फोन ठेवला. जिवंत दिसतात, हे ऐकून त्याला क्षणभर बरे वाटले, हे लपवत नाही.

६. दाखला नाही म्हणून पद रिकामे नाही. पद रिकामे नाही म्हणून शेजारच्या गावच्या सेविकेस पदभार नाही. पदभार नाही म्हणून अंगणवाडीला कुलूप आहे व सतरा मुले ग्रामपंचायतीच्या ओटीवर बसतात. अकरानंतर ओटीवर ऊन येते. मदतनीस रंगू हिने १७ तारखेस अर्जदाराच्या टेबलापाशी येऊन सांगितले, “भावजी, पोरां उन्हात बसलीत. वयनीची जागा मी काय मागत न्हाय. तेवढा कागद काढा, म्हंजे कोनतरी येल.” अर्जदाराने मान हलवली. त्यानंतर पद्धत ठरविण्याच्या कामास लागला. ती हकिगत खालीलप्रमाणे.

७. पद्धत पहिली, केबल टाकणे. अंगणवाडीतील राउटरपासून अंगणातून केबल ओढून संगणकाच्या पाठीत खोचणे, ही सर्वांत साधी पद्धत. दि. १७ रोजी दादूने पावलांनी अंतर मोजले, अर्जदाराने टेपने मोजले, दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून परत मोजले. अंगणात घुशींची बिळे आहेत. घुशी केबल कुरतडतात हे खरे, पण केबल पाइपातून नेता येते हेही अर्जदारास ठाऊक होते. त्याने अहवालात फक्त घुशी लिहिल्या. शिवाय आपल्या पत्रात “वायरलेस” हा शब्द आहे आणि केबल ही वायर आहे, असा शेरा मारून त्याने ही पद्धत बाद केली. ग्रामसेवक श्री. प्रज्योत घरत यांच्याकडे तीन गावांचा भार आहे. त्यांनी शेरा वाचला, अर्जदाराकडे पाहिले, सही केली.

८. पद्धत दुसरी, संगणकाच्या आत कार्ड बसवणे. दि. १८ रोजी अलिबागहून एक दुरुस्तीवाला बोलावला. संगणकाच्या डब्यावर कंपनीचे सील होते आणि कार्यालयीन वस्तूंच्या जडसंग्रह नोंदवहीत “सीलबंद” अशी नोंद असल्याने सील फोडण्याचा ठराव कोणी करायचा यात दोन तास गेले. वॉरंटी २०१९ साली संपलेली होती. डबा उघडल्यावर आत पालीची अंडी निघाली आणि खाऱ्या हवेने सगळ्या खाचा गंजलेल्या दिसल्या. दुरुस्तीवाला म्हणाला, “साहेब, याच्यात कार्ड घातला तर जे चाललंय ते पन बंद परंल.” दादूने अंडी हळूच कागदावर घेऊन बाहेर केळीखाली ठेवली. डबा परत बंद केला. अर्जदाराला हायसे वाटले. का वाटले, याचा विचार त्याने त्या दिवशी केला नाही.

९. पद्धत तिसरी, मोबाइल संगणकाला वायरने जोडून त्याचे इंटरनेट घेणे. अर्जदाराचा मोबाइल बटणांचा आहे, त्यात इंटरनेट नाही. घरात विनिताचा मोबाइल होता, तोच हजेरीचा. दि. १९ रोजी अर्जदाराने तो कार्यालयात आणून, चार्ज करून, वायरने संगणकाला लावला. इंटरनेट येण्याच्या आधी संगणकाने आपण होऊन मोबाइलमधले फोटो मोठे करून पडद्यावर मांडले. वजनकाट्यावर बसलेली मुले. खिचडीचे ताट. वजनकाटा रिकामा, त्यावर फक्त एक चप्पल. त्यानंतर अर्जदाराचा एक फोटो होता. तो ओटीवर डुलकी काढत होता व तोंड उघडे होते. हा फोटो तिने कधी काढला, आणि कोणाकोणाला दाखवून हसली, हे अर्जदारास माहीत नाही, आता कळण्याचा मार्गही नाही. त्याने वायर काढली. अहवालात “सदर पद्धत गैरसोयीची आढळून आली” असे लिहिले. शासकीय भाषेत याहून जवळचा शब्द त्याला सापडला नाही.

१०. दि. १९ व २० रोजी अर्जदाराने आपल्या कार्यालयास, पद्धत ठरवून मिळावी, अशी दोन स्मरणपत्रे धाडली. उत्तर आले नाही. अर्जदारास त्याचा राग आला नाही. खरे सांगायचे तर उत्तर न आलेलेच त्याला हवे होते. मंजुरी नाही तोवर जोडणी नाही, जोडणी नाही तोवर नोंद नाही. हे सर्व नियमात बसत होते. नोकरीत नियमांनी अर्जदारास आजवर एवढा आधार कधी दिला नव्हता.

११. पद्धत चौथी, डोंगल. अर्जदाराची मुलगी प्रणाली पनवेलला एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे. आपला बाप चार दिवस संगणकाशी झटतो आहे हे तिला रंगूकडून कळले. शुक्रवारी दि. २१ रोजी ती रजा टाकून आली ती डोंगल घेऊनच. हे बोटाच्या पेराएवढे यंत्र असून संगणकाच्या बाहेरच्या खाचेत बसते आणि हवेतले इंटरनेट पकडते. “पप्पा, येवढा सिंपल हाय. हा लावायचा नि मोकला व्हायचा. चार दिवस काय करत होतात तुमी?” असे तिने विचारले. अर्जदाराने तिला खरेदीआधी तीन दरपत्रके मागवण्याचा नियम सांगितला. ती म्हणाली, “मम्मीच्या कागदाला दरपत्रक?” अर्जदाराने अंगणवाडीची किल्ली तिच्यापुढे ठेवली.

१२. प्रणालीने अंगणवाडी उघडली, राउटरचे बटण चालू केले. ती आत थोडा जास्त वेळ राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. मग स्टुलावर चढून तिने डोंगल लांब वायरीला लावला आणि तो खिडकीच्या गजाला, अंगणवाडीकडे तोंड करून, सुतळीने बांधला. मधल्या चिऱ्याच्या भिंतीचा प्रश्न मिटला. पाचच मिनिटांत इंटरनेट आले व उत्तम चालले. अंगणाच्या पलीकडून एवढे चांगले चालेल असे कोणालाच वाटले नव्हते. ओटीवरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हते.

१३. त्या दिवशी आधी अर्जदाराने राहिलेल्या नोंदींपैकी दोन केल्या. एक मुलीच्या जन्माची. दुसरी मोरू नाईक यांच्या आई कै. ठमाबाई, वय ८८, यांच्या मृत्यूची. ठमाबाईंची नोंद सात मिनिटांत झाली. पद्धत चौथी यशस्वी आहे, याचा हा लेखी पुरावा होय.

१४. त्यानंतर प्रणाली चहा सांगायला गेली आणि अर्जदाराने तिसरा अर्ज उघडला. नाव, वय, पत्ता, व्यवसाय, मृत्यूचे ठिकाण, हे सर्व रकाने त्याने नेहमीच्या वेगाने भरले. पुढे एक रकाना असतो, तो आपणास ठाऊक असेल : मयतास तंबाखू सेवनाची सवय होती काय, असल्यास किती वर्षे. विनिता मिश्री लावत असे. नवऱ्याला कळू नये म्हणून ती पहाटे लवकर उठून मागच्या दारी बसे आणि डबी तांदळाच्या पिंपामागे ठेवी. अर्जदाराला लग्नाच्या पहिल्या वर्षीच ते कळले होते. पण तिला वाटते आपण फसवतो आहोत, तर वाटू दे, म्हणून तो कधी बोलला नाही. ती डबी अजून पिंपामागेच आहे. “होय” लिहावे तर तिची चहाडी केल्यासारखे होते. “नाही” लिहावे तर शासकीय कागदावर खोटे जाते. अर्जदाराने “होय” लिहिले. वर्षे सव्वीस. माफी कोणाची मागावी ते त्याला कळले नाही.

१५. शेवटी एक बटण राहते, “सादर करा”. ते दाबल्यावर ग्रामसेवकांकडे मंजुरीला जाते आणि दाखला निघतो. अर्जदाराने ते दाबले नाही. बोट बटणावर होते, ते खाली गेले नाही. असे किती वेळ झाले सांगता येत नाही. बाहेर प्रणालीची चाहूल लागली तेव्हा अर्जदाराने हात पुढे करून गजावरच्या डोंगलची वायर संगणकातून उपटली आणि ती आत येताच तिला सांगितले, “रेंज गेली.”

१६. वरील गोष्ट खोटी होती, हे अर्जदार या अर्जाद्वारे कबूल करतो. मुलीने ती खरी मानली. वायर निसटली असेल म्हणून तिने ती परत खोचली, तेव्हा इंटरनेट आले. ती पाण्याला उठताच अर्जदाराने दुसऱ्यांदा उपटली, या वेळी अर्धवट, दिसू नये अशी. तिने तासभर खटपट केली, चिऱ्याच्या भिंतीला नावे ठेवली, संध्याकाळी रेवदंड्याला जाऊन आणखी लांब वायर आणली. शनिवारीही हाच प्रकार झाला. रविवारी जाताना तिने अर्जदाराचा हात धरून म्हटले, “पप्पा, तुमचा दोष न्हाय, मशीनच जुनी हाय.” एसटी सुटेपर्यंत अर्जदार हात हलवत उभा होता. त्या वेळी त्याला स्वतःची लाज वाटली. तीन आठवड्यांत त्याला स्पष्टपणे वाटलेली ती पहिली गोष्ट.

१७. आज सोमवार दि. २४. सकाळी कार्यालयात आल्यावर अर्जदाराने वायर स्वतः जोडली, राउटर स्वतः चालू केला. त्यासाठी अंगणवाडीत जावे लागले. फळ्यावर तिच्या अक्षरात सोमवार, तीन नोव्हेंबर असे लिहिलेले आहे. आदल्या शुक्रवारी घरी येताना पुढची तारीख लिहून ठेवायची तिची पद्धत होती, म्हणजे सोमवारी सकाळी मुलांना ओळीत बसवायला हात मोकळे. ती तारीख अर्जदाराने पुसली नाही, नव्या सेविकेस पुसू द्यावी. इंटरनेट सकाळपासून एकदाही गेलेले नाही. अर्ज पुन्हा भरून पडद्यावर उघडा आहे. सर्व रकाने तपासले, चूक नाही. ओटीवर ऊन आले आहे आणि रंगू मुलांना भिंतीकडे सरकवून बसवते आहे. आज कार्यालयीन वेळेत नोंद झाली नाही तर ही मुले पुढचे महिना-दोन महिने तेथेच सरकत राहतील, हे अर्जदारास पुरते कळते. कळूनही बोट खाली जात नाही, ही अर्जदाराची अडचण आहे. तिच्यासाठी कोणताही नमुना उपलब्ध नसल्याने हा साधा अर्ज करीत आहे.

१८. तरी विनंती की,

(अ) पद्धत चौथी, म्हणजे डोंगल, हिला कार्योत्तर मंजुरी द्यावी. पहिली पद्धतही चालली असती, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

(ब) सदर नोंदीचे शेवटचे बटण दाबण्यासाठी आपल्या कार्यालयातील एक कर्मचारी आज पाच मिनिटांकरिता द्यावा. शिक्षणाची अट नाही.

(क) कर्मचारी देणे शक्य नसल्यास, बटण अर्जदारच दाबील. फक्त त्या वेळी शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी येऊन बसावे. बोलण्याची गरज नाही. ओळखीचे नसले तरी चालेल. ग्रामसेवक आज आपल्याकडेच बैठकीस आहेत. मुलीला बोलवावे तर आधी खरे सांगावे लागेल, तेवढे बळ आज नाही. रंगूला मुलांपाशी थांबणे भाग आहे. दादूला सांगताच तो बसला असता, पण हा अर्ज घेऊन आपल्याकडे यायला दुसरे कोणी नसल्यामुळे त्यालाच पाठवावे लागले. दादू आपल्यासमोर उभा असेल. इतर काही जमण्यासारखे नसेल तर साहेबांनी अर्जावर शेरा मारण्यात वेळ न घालवता त्याला लगेच परत पाठवावे. परतीची शेवटची एसटी सव्वातीनला आहे.

तोवर टेबल न सोडता बसलेला,
आपला नम्र,
(सही)
बुधाजी रामचंद्र थळे
लिपिक, ग्रामपंचायत खारसावरे

स्थळ : खारसावरे
दि. २४ नोव्हेंबर २०२५, वेळ सकाळी ११ वा. २० मि.

सोबत :
१. पद्धत क्र. १ ते ३ बाद केल्याचे अहवाल, ग्रामसेवकांच्या सहीसह.
२. गैरहजेरीची नोटीस, मूळ प्रत. खुलासा जोडलेला नाही.
३. मृत्यू नोंदीचा अर्ज, पूर्ण भरलेला, छापील प्रत. माहिती देणाऱ्याची सही बाकी.